तापाच्या हंगामातला अतिदक्षता विभाग : एका न्यासाच्या रुग्णालयाचे परीक्षण

पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस विदर्भातल्या खेड्यांत तापाचे असतात. सोयाबीन कमरेला लागलेले असते, धुऱ्यावर गवत माजलेले असते, वावरात निंदणाची घाई असते आणि घरटी एक तरी माणूस गोधडी घेऊन पडलेला असतो. बहुतेकांचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो. ज्याचा उतरत नाही, ज्याला धाप लागते किंवा ज्याची लघवी कमी होते, त्याला कुठे न्यायचे हा प्रश्न मात्र घरच्यांना रात्री-बेरात्री आणि घाईतच सोडवावा लागतो. गेल्या हंगामात माझ्या वहिनींना (थोरल्या भावाच्या पत्नी, वय पन्नाशीच्या पुढे, आजही निंदणाला स्वतः जाणाऱ्या) अशाच तापात आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका न्यासाच्या रुग्णालयात दाखल केले. तिथल्या अतिदक्षता विभागाविषयी हे परीक्षण आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. पुढे काही तक्रारी आहेत, त्या एका कुटुंबाच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत, आणि ज्या गोष्टी मी तपासून पाहिल्या त्या वाचकाला आपल्या जवळच्या कोणत्याही अतिदक्षता विभागात तपासून पाहता येतील.

तिथे पोहोचेपर्यंत काय झाले होते ते थोडक्यात सांगतो. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस सुया आणि सलाईन दिले. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा पेशी (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) नव्वद हजारांवर आलेल्या निघाल्या आणि डेंग्यू म्हणून उपचार सुरू झाले. डेंग्यूची चाचणी नकारात्मक आली होती, पण ‘कधी कधी येत नाही’ असे सांगण्यात आले. हे विधान खोटे नाही, म्हणून आम्हीही मान डोलावली. मग पपईच्या पानांचा रस झाला, बकरीचे दूध झाले, आणि दवाखान्यासमोरच्या फळवाल्याकडची महागडी किवी झाली (हे फळ वहिनींनी जन्मात पाहिले नव्हते). पेशी चाळीस हजारांवर उतरल्या, डोळे पिवळसर दिसू लागले, बोलताना वाक्य अर्धवट सुटू लागले आणि दम लागू लागला, तेव्हा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली.

या विभागाला मी सर्वाधिक गुण देईन ते पहिल्या तासासाठी. ऑक्सिजन, सलाईन, रक्ताचे नमुने आणि मॉनिटरच्या तारा हे सगळे कोणत्याही अतिदक्षता विभागात होतेच. इथे त्यासोबत आणखी एक गोष्ट झाली. कामावरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारले, की काकू वावरात जातात का, गवतात बसतात का, सरपण आणायला झुडपी जंगलात गेल्या होत्या का. मग पडदा ओढून घेतला, आम्हा पुरुष मंडळींना बाहेर काढले आणि एका सिस्टरला सोबत घेऊन डोक्याच्या केसांपासून तळपायापर्यंत वहिनींची कातडी बॅटरीच्या उजेडात पाहिली. काखा, स्तनांखालची घडी, जांघा, कंबर असे सगळे. कमरेला, परकराची नाडी जिथे बांधतात त्या रेषेवर, डाव्या बाजूला एक काळी खपली सापडली. ती वाटाण्याएवढी होती, भोवती लालसर कडे होते आणि विडीचा चटका बसल्यासारखी दिसत होती. ती दुखत नव्हती, खाजतही नव्हती. माझी पुतणी आत होती, तिने नंतर सांगितले, की सिस्टरने विचारल्यावर वहिनी ग्लानीतच म्हणाल्या, ‘नाडीनं घासलं असन, बाई.’

ही खपली म्हणजे स्क्रब टायफसची खूण. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या बारीक माइटची अळी माणसाला चावते आणि तिच्यातून ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू शरीरात शिरतो. चावल्यानंतर सर्वसाधारणपणे दहा-बारा दिवसांनी ताप येतो, त्यामुळे तो चावा कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. खपली प्रत्येक रुग्णात असतेच असे नाही, आणि असली तरी ती नेमकी कपड्याच्या घट्ट कडेला आणि शरीराच्या घडीत, म्हणजे जिथे पाहायला संकोच वाटतो तिथेच असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे बायका नऊवारी-पाचवारीसकट तपासल्या जातात. डॉक्टर पुरुष असले तर स्टेथोस्कोप पदरावरून लावतात आणि घरच्यांनाही तेच सभ्यपणाचे वाटते. आधीच्या दोन्ही दवाखान्यांत वहिनींची कंबर कुणी पाहिली नव्हती, आणि त्यांनी स्वतः दाखवली असती अशी शक्यताही नव्हती. त्यामुळे एखाद्या अतिदक्षता विभागात रात्रपाळीला स्त्री डॉक्टर किंवा निदान जाणती सिस्टर आहे का, आणि पलंगाला पूर्ण ओढता येईल असा पडदा आहे का, या दोन गोष्टी तापाच्या हंगामात मला व्हेंटिलेटरच्या संख्येइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

विदर्भाला हा आजार आता अनोळखी राहिलेला नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ आली होती आणि वर्तमानपत्रांतून त्याचे नाव घरोघरी पोहोचले होते. तरीही खेड्यापाड्यांत ताप आणि कमी पेशी असे समीकरण दिसले की मन डेंग्यूवरच थांबते. पेशी तर स्क्रब टायफसमध्ये, हिवतापात आणि लेप्टोस्पायरोसिसमध्येही (उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप) कमी होतात. या विभागाने चारही शक्यता धरून नमुने पाठवले, हिवतापाची चाचणी त्याच तासात करून घेतली, आणि अहवालांची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की संशय आला की औषध सुरू करावे, प्रयोगशाळेच्या उत्तरासाठी अडू नये. वहिनींच्या स्क्रब टायफसच्या रक्तचाचणीचा (एलायझा) अहवाल सकारात्मक आला तोपर्यंत औषधाचे बरेच डोस पोटात आणि शिरेत गेलेले होते.

औषधाच्या निवडीवर थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण नातेवाइकांची सगळ्यात मोठी दिशाभूल इथे होते. तालुक्याला वहिनींना सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शने दिली जात होती. विषमज्वराला, लेप्टोस्पायरोसिसला आणि अनेक जिवाणूंना ते औषध चांगले आहे, पण स्क्रब टायफसच्या जिवाणूवर त्याचा आणि त्याच्या कुळातल्या इतर महागड्या इंजेक्शनांचा परिणाम होत नाही, कारण हा जिवाणू पेशींच्या आत राहतो आणि ही औषधे जिवाणूच्या ज्या भिंतीवर काम करतात ती भिंत त्याच्याकडे नेहमीसारखी नसते. डॉक्सिसायक्लिनची गोळी त्या मानाने काही रुपयांची असते. इथल्या डॉक्टरांनी सेफ्ट्रियाक्झोन बंद केले नाही. लेप्टोस्पायरोसिसची शक्यता मिटेपर्यंत ते चालू ठेवले आणि त्याच्या जोडीला शिरेतून डॉक्सिसायक्लिन व अझिथ्रोमायसिन अशी दोन्ही औषधे दिली. दोन कशाला, असे मी विचारले तेव्हा मुख्य डॉक्टर म्हणाले, ‘गुरुजी, आजार साधा असता तर एकच पुरले असते.’ २०२३ साली भारतातल्या सात केंद्रांवरच्या सुमारे आठशे गंभीर रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दोन्ही औषधे मिळालेल्या गटात मृत्यू, सातव्या दिवशीही टिकून राहिलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप यांपैकी काही ना काही घडण्याचे प्रमाण ३३ टक्के होते, तर एकच औषध मिळालेल्या गटांत ते ४७ आणि ४८ टक्के होते. मृत्यूच्या प्रमाणात मात्र गटागटांत ठळक फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी, न्यासाच्या रुग्णालयात ही अद्ययावत माहिती वापरात आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

रोज संध्याकाळी ठरल्या वेळी डॉक्टर नातेवाइकांना भेटत. ही भेट हा या सेवेचा दुसरा मोठा गुण होय. ते ‘सिरियस आहे, सांगता येत नाही’ असे बोलून आत निघून जात नसत. त्यांच्या हातात एक कागद असे, त्यावर फुफ्फुस, रक्तातल्या पेशी, यकृत, रक्तदाब, मेंदू आणि मूत्रपिंड असे सहा रकाने असत आणि प्रत्येक रकान्यात शून्य ते चार यांपैकी एक आकडा असे. सोफा या नावाने ओळखली जाणारी ही मोजदाद जगभर अतिदक्षता विभागांत वापरतात. सगळे रकाने भरले तर बेरीज चोवीस होते आणि आकडा जितका चढा तितका धोका मोठा. माझे भाऊ सातवीपर्यंत शिकलेले आहेत, पण दुसऱ्या दिवसापासून तेच विचारू लागले, ‘आज किडनीचा किती?’ बाहेरगावच्या पाहुण्यांना फोनवर सांगायलाही हा आकडा बरा पडे.

तापाने इतके अवयव एकदम का बिघडतात, हेही याच भेटीत कळले. हा जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, त्यामुळे रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते. एकीकडे रक्तदाब पडतो आणि दुसरीकडे तेच पाणी फुफ्फुसांत साचून दम लागतो. म्हणून सलाईन मोजूनमापून द्यावे लागते आणि रक्तदाबासाठी नॉरॲड्रेनॅलिनचे पंप लावावे लागतात. आमच्याकडच्या माणसांचा सलाईनवर फार विश्वास. बाटली लावली म्हणजे उपचार झाला, आणि बाटली काढली म्हणजे दुर्लक्ष झाले, असे आमच्यातल्याच एका आप्तांचे मत होते आणि त्यांनी ते डॉक्टरांना मोठ्या आवाजात ऐकवलेही. डॉक्टरांनी त्यांना एक्स-रे दाखवून फुफ्फुसातला पांढरेपणा समजावला. वहिनींना घट्ट मास्कचे यंत्र लावावे लागले, पण घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवण्याची वेळ आली नाही.

पेशींच्या बाबतीतही तोच संयम दिसला. आकडा तिसाच्या घरात असताना आम्ही रक्तपेढीकडे धावायला तयार होतो, पण रक्तस्राव नाही तोवर केवळ आकडा पाहून पेशी चढवायच्या नाहीत, हे धोरण त्यांनी ठामपणे पाळले. औषध लागू पडल्यावर पेशी आपोआप चढल्या.

आता उणिवा सांगतो. मूत्रपिंडाचा आकडा वाढत गेला, लघवी जवळजवळ थांबली आणि डायलिसिसचा निर्णय झाला. निर्णय योग्य होता, संमतीपत्र वाचून दाखवले गेले, आणि अशा तापातले मूत्रपिंडाचे नुकसान बहुधा भरून येते, हेही सांगितले गेले. परंतु अतिदक्षता विभागासाठी वेगळे डायलिसिस यंत्रच नाही. खालच्या मजल्यावर वर्षानुवर्षे आठवड्यातून दोनदा-तीनदा येणाऱ्या रुग्णांची जी यंत्रे आहेत, त्यांतलेच एक त्यांची पाळी संपल्यावर वर आणले जाते. सकाळी ठरलेले डायलिसिस त्यामुळे रात्री उशिरा सुरू झाले. मूत्रपिंड थांबले की रक्तात पोटॅशियम साचते, ते मधल्या वेळात वाढू नये म्हणून औषधे दिली गेली आणि निभावले, पण दोन रुग्णांना एकाच रात्री गरज पडली तर काय, या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तापाच्या हंगामात ही गोष्ट दुर्मीळ नाही. शेजारच्या पलंगावर गडचिरोलीकडचा एक तरुण मेंदूपर्यंत पोहोचलेल्या फाल्सिपॅरम हिवतापाने दाखल होता आणि त्याचीही लघवी कमी झालेली होती. त्याला आर्टेसुनेटची इंजेक्शने वेळेवर मिळाली (पहिले लगेच, दुसरे १२ तासांनी, तिसरे पहिल्यापासून २४ तासांनी आणि मग रोज) आणि तो डोळे उघडून बोलू लागला, हेही इथे नोंदवतो.

सिस्टर आणि ब्रदर यांच्या कामाबद्दल माझे मत चांगले आहे. रात्री कधीही डोकावले तरी लघवीच्या पिशवीला जोडलेल्या मोजपट्टीच्या डबीशी कुणीतरी वाकलेले दिसे. दर तासाचा आकडा वहीत उतरत होता, आणि तो २५ मिलीलिटरच्या खाली गेला की डॉक्टरांना फोन जात होता. मात्र एक प्रसंग खटकला. ताप उतरत असताना वहिनींना भ्रम होऊ लागला. छताला साप दिसत, वारलेल्या सासूबाईंशी बोलणे चाले, आणि एका रात्री त्यांनी मानेच्या शिरेत घातलेल्या नळीला हात घातला. नळी निघाली असती तर जिवावर बेतले असते, हे मला मान्य आहे. परंतु त्यांचे हात बँडेजने पलंगाला बांधले गेले आणि हे आम्हाला सकाळी, ते बांधलेले हात पाहूनच कळले. एक फोन पुरला असता. पुढच्या रात्री पुतणीला पलंगाशी बसू दिले, वहिनींचा चष्मा त्यांना परत दिला, दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवला, आणि हात बांधण्याची गरजच पडली नाही. असा भ्रम अतिदक्षता विभागात अनेकांना होतो, ओळखीचा चेहरा आणि दिवस-रात्रीची जाणीव यांनी तो आटोक्यात राहतो, हे तिथल्याच वरिष्ठ सिस्टरने सांगितले. मग ते पहिल्याच रात्री का करू नये?

सर्वांत कमी गुण नातेवाइकांच्या दालनाला. तळमजल्यावरच्या या लांबट खोलीत सतरंज्या टाकून रात्र काढावी लागते, स्वच्छतागृह इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथला दिवा लागत नाही. हे सगळे सोसण्यासारखे आहे, पण खिडक्यांना बसवलेले मोठमोठे कूलर उन्हाळ्यानंतर कुणी रिकामेच केलेले नव्हते. टाकीत घोटाभर पाणी साचलेले होते आणि जाळीवर बोट टेकवून वाकून पाहिले तर वळवळणाऱ्या अळ्या स्पष्ट दिसत होत्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसाढवळ्या चावतो. वरच्या मजल्यावर डेंग्यूचे रुग्ण, खालच्या मजल्यावर त्याच्या डासांची पैदास, आणि मध्ये रुग्णांचे निरोगी नातेवाईक अशी ही व्यवस्था आहे. लेखी तक्रार दिल्यावर दोन कूलर रिकामे केले गेले. उरलेल्यांचे पाणी आम्हीच काही जणांनी मिळून उपसून टाकले.

खर्चाविषयी सांगायचे तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये होती, ती २०२४ पासून पाच लाखांची झाली आणि कुठलेही रेशन कार्ड असलेली कुटुंबे तिच्यात आली. आरोग्यमित्राची (योजनेची कागदपत्रे पाहणाऱ्या मदतनिसाची) खिडकी दारातच आहे आणि तिथला मुलगा कामाला चोख होता. अडचण अशी, की आम्ही पोहोचलो तेव्हा खिडकी बंद होती आणि मंजुरी येईपर्यंत अनामत रक्कम मागितली गेली. ती पुढे परत मिळाली, मात्र काही तपासण्या आणि एक इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितले गेले, त्याच्या पावत्या योजनेत धरल्या गेल्या नाहीत. योजनेखालच्या रुग्णाला बाहेरची चिठ्ठी मिळाली तर ती आरोग्यमित्राला लगेच दाखवावी. सुट्टी झाल्यावर दाखवून उपयोग होत नाही. वहिनींचे रेशन कार्ड आणि आधार कार्डावरचे नाव वेगवेगळे होते, त्यात एक अख्खा दिवस गेला. ज्यांच्या घरी अशी तफावत आहे त्यांनी ती उन्हाळ्यातच दुरुस्त करून घ्यावी.

रुग्णालयाने आजाराची खबर जिल्हा हिवताप कार्यालयाला दिली होती. वहिनी दाखल असतानाच आरोग्यसेवक आणि आशाताई आमच्या मोहल्ल्यात येऊन तापाच्या रुग्णांची विचारपूस करून गेल्या. गवतात थेट बसू नये, वावरातून आल्यावर अंघोळ करून कपडे धुवायला टाकावेत आणि घराभोवतीचे तण काढावे, असे त्यांनी सांगितले. निंदण करणाऱ्या बाईने गवतात बसू नये तर काम करायचे कसे, हा शेजारणीचा प्रश्न रास्तच होता. त्यावर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पायमोजे आणि बसायला गोणपाट एवढे तरी करा, असे उत्तर मिळाले.

सुट्टीच्या वेळी दिलेले कार्ड मराठीत आणि सुवाच्य होते, हे मी पहिल्यांदाच पाहिले. त्यात उरलेल्या गोळ्यांचा हिशेब होता. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड सावरेपर्यंत घेऊ नयेत असे ठळक अक्षरांत होते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) कधी तपासायचे ते होते. अंगातली ताकद परत यायला आठवडे लागतील आणि केस गळतील, हेही लिहिलेले होते, आणि तसेच झाले. फेरतपासणीला मात्र ते डॉक्टर भेटत नाहीत. बाह्यरुग्ण विभागात रोज वेगळे डॉक्टर असतात आणि मूळ कार्ड खिडकीवर ठेवून घेतात. त्यामुळे जाण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढून घ्यावी. समोरचे दुकान दहाच्या आधी उघडत नाही आणि नंबर आठपासून लागतात.